सुटी फुले आणि जोडकाम

इतिहास म्हटला की राजे, तह आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. आज आम्ही जो विषय घेतला आहे तो त्या मानाने फारच लहान, म्हणजे शब्दशः तळहाताएवढा आहे. क्रोशाच्या सुईने विणलेले एखादे फूल, एखादा चौकोन, एखादी गोल चकती. अशी पन्नास-शंभर सुटी फुले एकमेकांस जोडली की त्यांचा टेबलक्लॉथ होतो, पलंगपोस होतो, पडदा होतो, दारावरचे तोरण होते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजीच्या किंवा आत्याच्या हातचे असे काहीतरी असेलच. रेडिओ केव्हाच गेला तरी रेडिओवरचे जाळीचे आच्छादन ट्रंकेत घडी करून ठेवलेले असते. ही 'फावल्या वेळातली' कला, असे आपण सारेच समजत आलो. या 'फावल्या वेळा'चीच आज आम्हांस थोडी चौकशी करावयाची आहे. कारण या तळहाताएवढ्या तुकड्याने दुष्काळात माणसे जगवली आहेत, आणि याच तुकड्याच्या आडोशाने बायकांचे श्रम मातीमोल भावाने विकतही घेतले गेले आहेत. दोन्ही गोष्टी घडल्या त्या त्याच्या एकाच गुणामुळे. तो लहान आहे, आणि कोठेही नेता येतो.

हा गुण कोठून आला ते प्रथम पाहू. दोन सुयांवरच्या विणकामात साऱ्या ओळीचे टाके एकाच वेळी सुईवर असतात. सुई निसटली की ओळच्या ओळ धोक्यात. युरोपात गादीवर जी जुनी लेस विणीत, तिला टाचण्या आणि डझनावारी फिरक्या लागत; तो पसारा एकदा मांडला की सहजासहजी उचलता येत नसे. क्रोशाचे तसे नाही. टोकाला आकडा असलेली एकच सुई, एकच धागा, आणि बहुधा कोणत्याही क्षणी थांबले तरी मोकळा राहणारा एकच फास. दूध उतू जाऊ लागले, मूल रडले, दारात कोणी आले, तर हातातले काम तेथेच ठेवून उठावे आणि परत येऊन तोच फास उचलावा. आपल्याकडील बायकांनी या टाक्यांना नावे मोठी सुरेख दिली आहेत : साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. त्यांतल्या मुक्या खांबावर आमचा विशेष लोभ आहे. उंची न घेता जागच्या जागी बसणाऱ्या टाक्याला याहून चांगले नाव कोणत्याही भाषेत असेल असे वाटत नाही.

चौकोन विणण्याची रीत ठाऊक नसलेल्यांसाठी दोन शब्द. सहा साखळ्यांचे एक कडे करावयाचे. त्या कड्यात तीन-तीन खांबांचे चार झुपके घालावयाचे. झुपक्याझुपक्यांमध्ये कोपऱ्यासाठी साखळ्या सोडावयाच्या. ही पहिली फेरी. पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्यावर दोन झुपके पडतात, म्हणून चौकोन चहूंकडून सारखा वाढतो. चार-पाच फेऱ्यांत तळहात भरतो. मग धागा तोडून शेवट आत खोचला की तुकडा पुरा. चौकोन चौकोनाला भिडतो, षट्कोन षट्कोनाला भिडतो. गोल चकत्या जोडल्या तर मात्र मध्ये खाच राहते, तीत एखादे चिमुकले फूल बसवावे लागते. आता हिशेब करू. दहा सेंटिमीटरचा चौकोन धरला, तर १८० सेंटिमीटर रुंद आणि २४० सेंटिमीटर लांब पलंगपोसाला १८ गुणिले २४, म्हणजे ४३२ चौकोन लागतात. एका चौकोनाला अर्धा तास धरला तरी २१६ तास झाले, जोडकाम निराळेच. हा २१६ चा आकडा श्रोत्यांनी कृपा करून लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

एवढी सोपी युक्ती फार प्राचीन असेल अशी आपली समजूत असते. पुरावा तसे सांगत नाही. लिस पालुदान या डॅनिश संशोधिकेने युरोपातली साधने धुंडाळली. १८०० च्या पूर्वी तेथे क्रोशाचे काम होत असल्याचा खात्रीचा पुरावा तिला मिळाला नाही. छापील नमुने दिसू लागतात ते १८२० नंतरच्या दशकात, एका डच स्त्री-मासिकातून. आपण जी आजीची परंपरा म्हणतो, ती आगगाडीपेक्षा फारशी वडील नाही! पुढे १८४० नंतर लंडनमध्ये एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर नावाच्या बाईंनी नमुन्यांची पुस्तके एकामागून एक काढली. वडील फ्रेंच, आई आयरिश. व्हेनिसच्या मौल्यवान सुईलेसची नक्कल क्रोशाच्या आकड्याने कितीतरी थोड्या वेळात साधते, हे दाखवून देण्याचे श्रेय पुष्कळदा त्यांना दिले जाते. नक्कल हा शब्द येथे हिणवण्याच्या अर्थाने घेऊ नये. महाग वस्तूची स्वस्त नक्कल करता येणे, यावर लवकरच हजारो कुटुंबांची भाकरी अवलंबून राहणार होती.

ती वेळ आली आयर्लंडमध्ये. १८४५ साली तेथील बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढच्या वर्षी पीक जवळजवळ समूळ गेले. कुळांचे सारे अन्न एका बटाट्यावर; धान्य पिके ते खंडासाठी विकावयाचे आणि ते देशाबाहेर जावयाचे. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची वस्ती सुमारे ८१ लाख ७५ हजार होती, ती १८५१ मध्ये साडेपासष्ट लाखांवर आली. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाने मेली, तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. दुष्काळ आपल्याला नवा नाही. पण जिल्हेच्या जिल्हे असे रिकामे झाले, त्या देशात पुरुषांच्या हातांना काम उरले नसताना बायकामुलींच्या हातांना काम कोठून मिळाले, ते पाहण्यासारखे आहे.

कॉर्क शहराजवळच्या ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन जोगिणींच्या मठात मुलींना क्रोशाचे काम शिकवीत. सुझॅना मेरेडिथ या बाईंनी १८४७ मध्ये कॉर्कमध्येच अशी एक शाळा काढली आणि पुढे १८६५ मध्ये या लेसवाल्या मुलींच्या हकीकतींचे पुस्तक लिहिले. उत्तरेकडे मोनॅहन परगण्यात क्लोन्स नावाचे गाव आहे. तेथील धर्मोपदेशकाची पत्नी कॅसांड्रा हँड हिने दक्षिणेकडून शिक्षिका आणवून गावातल्या बायकांना हे काम लावून दिले. क्लोन्सच्या नावाची एक गाठ लेसवाल्यांच्या परिभाषेत कायमची जाऊन बसली आहे. शिकवण्यास भांडवल जवळजवळ लागत नव्हते. ताठ तारेचे टोक घासून, वाकवून लाकडाच्या किंवा बुचाच्या मुठीत बसवले की सुई तयार. बाकी लागे ते सूत.

आणि येथेच तुकड्याचे महत्त्व कळते. आयरिश क्रोशात गुलाब, तिपानी शॅमरॉक, द्राक्षाचा घोस, नेच्याचे पान ही सारी सुटी विणावयाची. आत जाड दोरा घालून कडा उठावदार करावयाच्या. मग ती नमुन्याच्या कापडावर उलटी टाचावयाची आणि मधल्या मोकळ्या जागा नाजूक जाळीने भरून काढावयाच्या. ज्या खोपटात एकच खोली, खिडकी नाममात्र आणि धूर जावयास धड वाट नाही, तेथे शुभ्र टेबलक्लॉथ विणणे अशक्यच. पण एक गुलाब? तो मुठीत मावतो, ॲप्रनच्या खिशात राहतो, गुरे राखताना बांधावर बसून पुरा होतो. काळवंडला तरी बिघडत नाही, कारण सारे तुकडे एकत्र झाल्यावर लेस धुऊन पांढरी करता येते. एक जण गुलाब करी, एक पाने करी, तिसरी जोडी. घराण्याघराण्यांचे ठरलेले नमुने असत आणि ते शेजाऱ्यापासून जपत, अशा गोष्टी तिकडे सांगतात. त्यांत थोडी रंगतदार भर असेल. तरी ज्या घरात विकण्याजोगे दुसरे काही उरले नाही, तेथे एका पाकळीची युक्ती हीच इस्टेट, हे समजण्यासारखे आहे.

लेस गेली ती प्रामुख्याने श्रीमंतांच्या गळपट्ट्या, बाह्या आणि झगे यांवर. त्या पैशांतून घराचा खंड भरला गेला, पीठ आले, आणि कित्येक मुलींनी अमेरिकेच्या जहाजाचे तिकीटही काढले. राणी व्हिक्टोरियाला स्वतःला क्रोशाचा नाद होता. बोअर युद्धातल्या निवडक सैनिकांसाठी तिने १९०० साली आपल्या हातांनी गळपट्टे विणले, ते आठ. त्या आठ गळपट्ट्यांची नोंद इतिहासात आहे. तिच्याच राज्यात ज्यांनी आयुष्यभर गुलाब विणले, त्यांच्यातल्या किती जणींची असेल?

हा धंदा टिकला किती? १८८३ च्या सुमारास स्वित्झर्लंड आणि सॅक्सनी येथे एक नवी युक्ती निघाली. रेशमी कापडावर यंत्राने सुती भरतकाम करावयाचे आणि मग रसायनाने ते रेशीम विरघळवून टाकावयाचे. मागे उरते ती नुसती जाळी. ती आयरिश क्रोशाची हुबेहूब नक्कल करू लागली. जे नक्कल म्हणून जन्मले त्याचीच नक्कल झाली. पहिल्या महायुद्धानंतर झग्यांची तऱ्हाच पालटली आणि राहिलेली मागणी ओसरली.

अमेरिकेतला चौकोन निराळ्या घरातून आला, म्हणून त्याचा ओझरता उल्लेख पुरे. आज जगभर ज्याला आजीचा चौकोन म्हणतात, त्याचा एक जुना छापील नमुना १८८५ मध्ये 'प्रेअरी फार्मर' या शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात आलेला आहे. लोकरीचे उरलेसुरले तुकडे त्यात खपावयाचे. आपल्या गोधडीचाच न्याय तो. अशा चौकोनांच्या पांघरुणाला अमेरिकन लोक 'अफगाण' म्हणतात. काबूलच्या शालींचे नाव कॅन्ससच्या शेतघरात जाऊन बसले. तेथे विणणारी, जोडणारी आणि पांघरणारी बहुधा एकाच घरातली. म्हणून त्या चौकोनाची कहाणी सुखाची आहे, आणि इतिहासकाराला सुखाच्या कहाणीत फार काही सांगावयाचे नसते.

आता आपण स्वदेशी येऊ. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी आंध्रात समुद्राला मिळण्यापूर्वी फुटते. तिच्या वसिष्ठा नावाच्या फाट्यावर, मुखापासून थोड्याच अंतरावर, नरसापूर हे गाव आहे. त्याला लागून असलेल्या मादापोलम येथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती आणि त्या गावाचे नाव एका सुती कापडाला मिळून ते युरोपच्या बाजारात गाजले. पुढे हातमागाच्या कापडाचा तो व्यापार बसला. ज्या किनाऱ्यावरून हातविणीचे कापड विलायतेस जात होते, त्याच किनाऱ्यावर आता विलायतेचे विणकाम उतरले. स्कॉटलंडहून आलेल्या मिशनऱ्यांनी १८४४ च्या सुमारास गोदावरीच्या खोऱ्यात लेस शिकवण्यास आरंभ केला असे सांगतात. धर्मांतराविषयी कोणाचे काहीही मत असो, आरंभीच्या शिष्या गरिबांतल्या गरीब, अस्पृश्य मानलेल्या समाजांतून ख्रिस्ती झालेल्या बायका होत्या, आणि दुष्काळाच्या दिवसांत हे काम त्यांच्या घासाला आधार झाले, हे नाकारता येत नाही. माल मिशनरी कुटुंबांच्या ओळखीपाळखीने विलायतेत खपे. पुढे व्यापारी आले, आणि काम कापूंसारख्या शेतकरी जातींच्या घरांतही शिरले.

त्या घरांत ते शिरले, याचे कारण नीट पाहिले पाहिजे. कापू घरातली बाई शेतावर मजुरीला गेली तर घराची अब्रू जाते, अशी समजूत. ती उंबऱ्याच्या आत राहावी, हीच प्रतिष्ठा. पण घरात पैसा तर हवा. अशा वेळी ज्या कामाला माग नको, जागा नको, आवाज नाही, आणि जे दाराशी बसून पदराखाली करता येते, ते काम देवाने धाडल्यासारखे वाटावे यात नवल नाही. आयर्लंडमध्ये तुकडा धुराच्या खोपटात शिरला, येथे तो पडद्याच्या घरात शिरला. बाई बाहेर न पडता तिचे फूल मात्र सातासमुद्रांपलीकडे जाऊ लागले.

मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७८-७९ च्या सुमारास येथे राहून पाहणी केली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी केलेली ही पाहणी १९८२ मध्ये पुस्तकरूपाने लंडनहून निघाली. त्यांच्या अंदाजाप्रमाणे या भागात एक लाखाहून अधिक बायका हे काम करीत होत्या. निर्यातदार सूत देत, दलाल ते घरोघर पोहोचवीत आणि तयार तुकडे गोळा करीत. विणणारी निराळी, जोडणारी निराळी. जोडकामाला तेलुगूत 'अतुकुपनी' असा शब्दच आहे. फुले विणणारीच्या घरात पुरा टेबलक्लॉथ दिसण्याचे कारणच उरले नाही. दिवसाचे सहा ते आठ तास हे काम, शिवाय स्वयंपाकपाणी, मुले आणि गुरे. आणि या कामाची सरासरी कमाई? दिवसाला साठ पैशांच्याही आत. शेतमजूर बायकांना ठरवून दिलेल्या किमान मजुरीचा हा फार लहान अंश होता.

आता मघाचा २१६ चा आकडा आठवा. रोजचे आठ तास धरले तर ते सत्तावीस दिवसांचे काम. दिवसाला साठ पैसे म्हणजे ४३२ चौकोनांचे सोळा रुपये वीस पैसे. हिशेब आमचा आहे आणि ढोबळ आहे; पण १९७८ सालच्या रुपयाला कितीही मोठे मानले तरी महिन्याच्या श्रमाला ही रक्कम कशी पुरावी?

मीस बाईंच्या पुस्तकातली आम्हांस सर्वांत बोचलेली गोष्ट मात्र पैशांची नाही. निर्यातदारांना विचारले की मजुरी इतकी कमी का, तर उत्तर येई, या काही कामकरी बायका नव्हेत, या गृहिणी. फावल्या वेळात करतात. बायकांचे नवरेही तेच म्हणत. जनगणनेच्या कागदांवर या कारागिणी कामकरी म्हणून जवळजवळ दिसतच नसत. मागाशी बसणारा विणकर निदान मागामुळे ओळखू येतो. गिरणीत जाणारा भोंग्यामुळे. तळहातावरचे काम पाहुणा आला की उशीखाली जाते, मोजणीदार आला तरी उशीखालीच राहते. व्यापार बहुतेक सारा पुरुषांच्या हातात गेला होता, आणि त्यात काही घरांचे नशीब चांगलेच उघडले. एखादीने भाव वाढवून मागितला तर दलाल पुढच्या दारी जाई. शंभर घरांत विखुरलेल्या शंभर जणी एकमेकींना ओळखत असल्या तरी एकमेकींचा दर त्यांना ठाऊक असेलच असे नाही.

यावर कोणी म्हणेल, यात फुलाचा काय दोष? दोष नाहीच. ज्या घरी हौसेने विणून स्वतःच्या मुलीच्या रुखवतात मांडतात, तेथे तेच फूल आनंदाचे. आमचे म्हणणे एवढेच की सुट्या तुकड्याला किंमत येते ती जोडल्यावर, आणि म्हणून जोड ज्याच्या अंगणात पडते त्याच्या हाती भाव राहतो. आयर्लंडमधल्या शाळा आणि मठ यांनी निदान काही काळ जोडकाम आणि विक्री एका छपराखाली, मुलींच्या डोळ्यांसमोर ठेवली होती. गोदावरीकाठी ते अंगण व्यापाऱ्याचे झाले. दुसरी एक गोष्ट दुकानात उभे राहून आठवण्यासारखी आहे. लोकरीच्या साध्या विणीसाठी यंत्रे निघून जमाना लोटला. पण खरा क्रोशाचा टाका विणणारे यंत्र बाजारात आलेले नाही. यंत्राची म्हणून मिळते ती लेस वरून तशी दिसणारी असते. तेव्हा खऱ्या क्रोशाचा एखादा रुमाल कितीही स्वस्त मिळो, त्यातला प्रत्येक खांब कोणाच्या तरी बोटांनी उभा केलेला असतो.

यंत्राच्या त्या नकली लेसने नरसापूरच्या मालालाही अलीकडे घेरले. त्यावर उपाय म्हणून २०२४ साली नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक निर्देशांक मिळाला. दार्जिलिंगच्या चहाला, आपल्या पैठणीला आहे तोच हा हक्क. दुसऱ्या ठिकाणच्या मालावर हे नाव लावता येणार नाही. गोष्ट चांगली झाली यात शंका नाही. ज्या कायद्याने हा हक्क मिळतो तो १९९९ चा कायदा आम्ही मुद्दाम काढून पाहिला. हक्क उत्पादकांचा, असे तो म्हणतो. आणि उत्पादक कोण, हेही त्याने व्याख्येत सांगितले आहे. हस्तकलेच्या वस्तूंच्या बाबतीत जो ती वस्तू तयार करतो तो उत्पादक, आणि जो तिचा व्यापार करतो तोही उत्पादकच.